नोकरी सोडून सेंद्रिय भाजीपाला? आधी २० गुंठ्यांचा हिशेब

प्रश्न : कळमेश्वर तालुक्यात आमची वडिलोपार्जित २ एकर जमीन आहे, विहिरीला बारमाही पाणी. मोठे भाऊ गावीच असतात. मी नागपुरात खासगी नोकरीत आहे. हातात ४२,००० रुपये येतात, घराचा हप्ता ११,०००. ९ लाखांची एफडी आहे. त्यातले ६ लाख शेडनेटमध्ये (सावलीच्या जाळीचा मोठा सांगाडा) घालून, जूनमध्ये नोकरी सोडून सेंद्रिय भाजी थेट शहरात विकायचा विचार आहे. सल्ला द्यावा.

उत्तर : भाजी जरूर लावा. पण नोकरी सोडू नका आणि एफडीला हात लावू नका.

आधी २० गुंठ्यांचा हिशेब मांडू. काटोल रोड, फ्रेंड्स कॉलनी या तुमच्या वाटेवरच्या वस्त्यांत २५ घरं धरा. प्रत्येक घरी आठवड्याला ४ किलो भाजी, सरासरी ६० रुपये किलो. म्हणजे आठवड्याचे ६,००० रुपये. यासाठी तोडा मात्र सव्वाशे किलोचा लागेल, कारण किडकी वांगी आणि जून झालेली भेंडी घरपोच देता येत नाही. खर्च असा : दोन मजूर, पाच दिवस, ३५० रुपये रोजी, म्हणजे ३,५००, पेट्रोल आणि पिशव्या १,०००, बी, रोपं, खत ६००. उरले ९००. कडक उन्हाळा आणि पावसाची झड वगळता वर्षात ४० आठवडे विक्री होईल. म्हणजे वर्षाकाठी ३६,०००.

आता पूर्ण २ एकर आणि १०० घरं धरू. आठवड्याची विक्री २४,०००. सहा मजुरांचे १०,५००, वाहतूक २,५००, बी, रोपं, खत २,४००. आठवड्याला ८,६०० उरतात, वर्षाला ३ लाख ४४ हजार. तुमचा पगार वर्षाला ५ लाख ४ हजार आहे. शिवाय या रकमेत भावांचा वाटा आहे.

हाच भाव सरासरी ८० झाला तर वर्षाला ६ लाख ६४ हजार उरतात. सगळा खेळ या २० रुपयांचा आहे, आणि ते शेडनेटमुळे मिळत नाहीत, विश्वासामुळे मिळतात. नागपूरच्या घाऊक बाजारात, कळमन्याला किंवा कॉटन मार्केटला, माल नेला तर अडत्या सेंद्रिय म्हणून वेगळा भाव देत नाही. थेट ग्राहकाला दाखवायला पीजीएस प्रमाणपत्र तुम्हाला परवडेल; यात गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात. त्यासाठी किमान ५ शेतकऱ्यांचा गट लागतो, म्हणून शेजाऱ्यांना आत्ताच विचारा. हंगामी पिकांना रासायनिकमधून सेंद्रियकडे रूपांतराचा काळ साधारण २ वर्षांचा असतो. तोवर ‘रासायनिक फवारणीविना’ म्हणून विका, ‘सेंद्रिय’ म्हणू नका; एकदा शंका आली की ग्राहक परत येत नाही. शेजारी कपाशी असेल तर तिच्यावरची फवारणी वाऱ्याने तुमच्याकडे येते. बांधावर ज्वारी-मक्याच्या दाट ओळी लावा आणि त्या कडेचा माल वेगळा ठेवा.

शेडनेटबद्दल. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा सांबार (कोथिंबीर) नीट उगवत नाही, म्हणूनच बाजारात तो महाग असतो. तेवढ्यापुरती सावली कामाची आहे. बांबू-बल्ल्यांवर २ गुंठ्यांत ५० टक्के सावलीची हिरवी जाळी टाका, खाली सांबार आणि पालक घ्या. मान्सूनपूर्व वादळात जाळी फाटते, त्यामुळे ती सोडून गुंडाळता येईल अशी बांधा. ६ लाखांचा सांगाडा पहिल्याच वर्षी उभा करणं मला मुळीच पटत नाही.

काळ्या भारी जमिनीत खरं नुकसान जुलै-ऑगस्टमध्ये होतं. पाणी साचलं की मुळं सडतात. ३ फूट रुंद, फूटभर उंच गादीवाफे आणि शेवटी चर हवाच. २० गुंठ्यांना ४-५ टन कुजलेलं शेणखत लागेल. कच्चं शेणखत घालू नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तण दोन्ही येतात. वांग्याला शेंडा-फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) आधीपासून लावा. भेंडीवर पांढरी माशी दिसली की निंबोळी अर्क मारा : ५ किलो कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून १०० लिटर पाणी करा. माशीच केवडा (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा रोग) पसरवते. पिवळ्या शिरांचं झाड दिसताच उपटा, ते बरं होत नाही. ढेमसं, बरबटी (चवळीच्या शेंगा), लवकी (दुधी), वांगी आणि पालेभाज्या आलटून पालटून लावल्या की पिशवी दर आठवड्याला भरते. नुसती टोमॅटो लावून घरं सांभाळता येत नाहीत.

पैशांची मांडणी : पहिल्या वर्षाला दीड लाखाची मर्यादा घाला. ठिबकसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करा. आधी खिशातून द्यावे लागतात, अनुदान मागाहून येतं, तेवढी रक्कम हाताशी ठेवा. कर्ज आणि अनुदान दोन्हींना सातबाऱ्यावर नाव लागतं. सामायिक जमीन असेल तर भावांशी वाटणीचं लेखी करून घ्या. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर राज्यात व्याज पडत नाही, म्हणून खेळतं भांडवल तिथून घ्या. अडचणच आली तर एफडी मोडण्यापेक्षा तिच्यावर कर्ज काढा. नोकरीसोबत कंपनीचा आरोग्य विमाही जातो, हे बहुतेक जण विसरतात. कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी आजच घ्या.

यंदा २० गुंठे भावांच्या देखरेखीत करा, शनिवार-रविवार वाटप तुम्ही करा. ८० रुपये भावाचे ६ लाख ६४ हजारही दोघांत वाटले तर तुमच्या वाट्याला महिना सुमारे २७,६०० येतात. त्यामुळे १०० घरं त्या भावाने महिन्याचे पैसे आगाऊ देऊ लागली आणि घराचं कर्ज फिटलं, तरच राजीनाम्याचा विषय काढा. बी आणण्याआधी २५ घरांची नावं वहीत आणि पहिल्या महिन्याची रक्कम हातात असू द्या.