अपंग माजी सैनिकाच्या घरात बदल करायला अमेरिकन सरकार पैसे देतं का? आणि काम सुरू करून नंतर अर्ज केला तर चालेल का?

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्याचीच घाई आहे. काम सुरू करू नका. "आपण तोडफोड करून घेऊ, व्हीएचे पैसे येतच राहतील" असं तुमचा कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय, त्यात फायदा त्याचाच आहे. (व्हीए म्हणजे माजी सैनिकांसाठीचं अमेरिकन सरकारचं खातं.) या सगळ्या योजनांमध्ये आधी अर्ज, मग पाहणी आणि अंदाजपत्रक, मग लेखी मंजुरी आणि त्यानंतर हातोडा, असा क्रम असतो. क्रम उलटा झाला तर खर्च तुमच्या अंगावर पडण्याची शक्यता मोठी.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, देतं आणि बऱ्यापैकी देतं. मी अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मणक्याला इजा झालेल्या रुग्णांना घरी पाठवण्याआधी त्यांचं घर कसं असायला हवं हे ठरवणं माझ्या कामाचा भाग आहे, त्यामुळे ही कागदपत्रं रोज डोळ्यांखालून जातात. तुम्ही लिहिलंय की तुमच्या यजमानांना यूएस आर्मीत असताना गाडी उलटून कण्याला इजा झाली, दोन्ही पाय निकामी झाले, व्हीएचं रेटिंग (अपंगत्व किती हे सांगणारा आकडा) १०० टक्के आहे, सध्या तुम्ही दिरांच्या घरी राहता आणि दोनेक वर्षांत स्वतःचं घर घ्यायचा विचार आहे. मी हेच धरून लिहिते.

व्हीए म्हणजे एकच खिडकी, असं बाहेरून वाटतं. घराच्या पैशांसाठी मात्र तिथे दोन वेगळे विभाग आहेत आणि त्यांचं एकमेकांशी फारसं बोलणं नसतं. एक आरोग्याचा, म्हणजे हॉस्पिटलवाला. दुसरा बेनिफिट्सचा, जो पेन्शन, रेटिंग, गृहकर्ज बघतो. दोघांकडे वेगवेगळे अर्ज करावे लागतात. एकाकडे अर्ज केला म्हणून दुसऱ्याला कळत नाही, आणि एकाचे पैसे घेतले म्हणून दुसऱ्याचे बंदही होत नाहीत. लोक नेमके इथेच अडकतात. एक अर्ज भरतात आणि आता सगळं आपोआप होईल म्हणून वाट बघत बसतात.

मोठी रक्कम बेनिफिट्सकडे आहे. तिचं नाव स्पेशली अडॅप्टेड हाउसिंग ग्रँट, सगळे एसएएचच म्हणतात. १ ऑक्टोबर २०२५ला सुरू झालेल्या आर्थिक वर्षात तिची मर्यादा १,२६,५२६ डॉलर आहे. हे कर्ज नाही, फेडायचं नाही. दोन्ही पायांचा वापर कायमचा गेलेला आणि तो सैन्यातल्या सेवेमुळे गेलेला, असं रेटिंगच्या पत्रात असेल तर तुमचे यजमान यात बसतात. ते पत्र काढून नीट वाचा. नुसतं '१०० टक्के' पुरत नाही. 'पर्मनंट अँड टोटल' हे शब्द आणि पायांचा 'लॉस ऑफ यूज' हा उल्लेख शोधा. नसेल तर घराचा अर्ज सुरू करतानाच तो दुरुस्त करून घ्यायच्या मागे लागा.

एसएएचची अट अशी की घर सैनिकाच्या स्वतःच्या मालकीचं असावं किंवा होणार असावं. म्हणजे हे पैसे दिरांच्या घरात घालता येणार नाहीत, आणि मला विचाराल तर ते बरंच आहे. नवीन घर बांधायला, घेतलेल्या घरात बदल करायला किंवा आधीच सोयीचं करून घेतलेल्या घराच्या कर्जाची मुद्दल कमी करायला ते वापरता येतात. सगळे एकदम वापरायची सक्ती नाही. ऑगस्ट २०२०मध्ये झालेल्या कायद्याने आयुष्यभरात सहा वेळा वापरायची मुभा दिली, त्याआधी तीनच वेळा होती. (जाता जाता: हीच ग्रँट १९४८ साली सुरू झाली तेव्हा मर्यादा १०,००० डॉलर होती. दुसऱ्या महायुद्धाआधी कण्याची अशी इजा झालेला जवान सहसा जगतच नसे. लघवीचा जंतुसंसर्ग आणि पडून राहून होणाऱ्या जखमा त्याला नेत. पेनिसिलिन आलं, माणसं वाचली, आणि मग सरकारच्या लक्षात आलं की ती राहणार कुठे.)

मग दिरांच्या घराचं काय? त्यासाठी याच विभागाची टीआरए, म्हणजे टेम्पररी रेसिडेन्स अडॅप्टेशन ग्रँट आहे. नातेवाइकाच्या मालकीच्या घरात तात्पुरतं राहणाऱ्यांसाठीच ती काढली आहे. एसएएचला पात्र असणाऱ्याला त्याच आर्थिक वर्षात ५०,९६१ डॉलरपर्यंत मिळू शकतात. एसएएच आणि टीआरए दोन्हींसाठी फॉर्म एकच, २६-४५५५. व्हीएच्या साइटवर ऑनलाइन भरता येतो. मंजुरीच्या वाटेवर व्हीएचा एसएएच एजंट तुमच्याशी संपर्क करून घर बघायला येईल. त्याच्याशी जुळवून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्या हातून जातं: नकाशे, कॉन्ट्रॅक्टरची व्हीएकडे नोंदणी, कामाची तपासणी. पैसे साधारणपणे एस्क्रो खात्यात (त्रयस्थाच्या ताब्यातल्या खात्यात) राहतात आणि काम पुढे सरकेल तसे कॉन्ट्रॅक्टरला मिळतात. तुमचा कॉन्ट्रॅक्टर "आधी चेक द्या" म्हणणारा असेल तर त्याला हे आवडणार नाही. दुसरा बघा.

आता हॉस्पिटलवाली ग्रँट. तिचं नाव हिसा (होम इम्प्रूव्हमेंट्स अँड स्ट्रक्चरल ऑल्टरेशन्स), फॉर्म १०-०१०३. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी आयुष्यभरात मिळून ६,८०० डॉलर. हा आकडा २०१०च्या कायद्यातला. एसएएच दर ऑक्टोबरला बांधकामाच्या खर्चाप्रमाणे वाढते, हिसाला तशी सोय ठेवलेलीच नाही, आणि ६,८०० डॉलरमध्ये आजकाल अख्खं बाथरूम होत नाही हे तुम्हाला कुठलाही प्लंबर सांगेल. तरी ती सोडू नका. एसएएच किंवा टीआरएच्या मानाने कागद कमी, आणि घर स्वतःचं नसलं तरी चालतं. व्हीएच्या डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन, बदलायच्या जागेचे आत्ताचे फोटो, बाबवार अंदाजपत्रक आणि दिरांची नोटरी केलेली संमती, एवढं जोडा. मंजुरीनंतर निम्म्यापर्यंत रक्कम आगाऊ मागता येते. हलता रॅम्प, जिन्याची खुर्ची किंवा पोर्चची लिफ्ट मात्र हिसात मागू नका. अशी उपकरणं व्हीएच्याच प्रॉस्थेटिक्स (कृत्रिम अवयव आणि साहाय्यक उपकरणांच्या) विभागाकडून वेगळी मिळू शकतात. हे माहीत नसल्यामुळे लोक आपले ६,८०० त्यात घालवायला निघतात.

तुमच्या जागी मी असते तर दोन्ही फॉर्म एकाच आठवड्यात पाठवले असते. दिरांच्या घराचं बाथरूम टीआरएवर, दारं आणि प्रवेशाचं किरकोळ काम हिसावर, आणि एसएएचची मोठी रक्कम पुढच्या घरासाठी तशीच राखून.

काम नेमकं कोणतं करायचं यावरही थोडं लिहिते, कारण पैसे मंजूर होऊनही चुकीच्या जागी गेलेले मी पाहते. सगळ्यांना पहिल्यांदा रॅम्प सुचतो, कारण तो रस्त्यावरून दिसतो. रॅम्प लागतोच, पण त्याचं गणित आधी करा: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. दारापुढे तीस इंचांच्या पायऱ्या असतील तर तीस फूट रॅम्प झाला, शिवाय वर आणि खाली सपाट जागा. पुढच्या अंगणात तेवढी जागा नसेल तर गॅरेजमधून आत यायचा रस्ता बघा. तिथे चढ बहुतेक वेळा कमी असतो आणि पाऊसही लागत नाही.

खरा पैसा बाथरूममध्ये घाला. उंबरठा नसलेला, खुर्चीसकट आत जाता येईल असा शॉवर. खुर्ची वळायला पाच फुटांचं वर्तुळ. भिंत उघडी आहे तोवर आतून लाकडी आधार ठोकून घ्या, म्हणजे धरायचे बार पुढे हवे तिथे बसवता येतील. आणि एक गोष्ट कॉन्ट्रॅक्टरला स्वतः सांगा, तो विचारणार नाही: सिंकखालचे गरम पाण्याचे पाइप गुंडाळायचे किंवा झाकायचे. तुमच्या यजमानांच्या पायांना संवेदना नसेल तर गुडघा पाइपला टेकून भाजला तरी त्यांना कळणार नाही. तीच गोष्ट नळाची, अचानक उकळतं पाणी येऊ न देणारा व्हॉल्व्ह लावून घ्या. आतली सगळी दारं रुंद करायला भिंती फोडायची गरज नसते. दार उघडल्यावर चौकटीबाहेर पूर्ण बाजूला जाईल अशा बिजागऱ्या मिळतात, त्यांनी जवळजवळ दोन इंच मोकळे होतात. बऱ्याच खुर्च्यांना तेवढ्याने भागतं.

हे करून द्यायला पैसे मागणारी माणसं भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स आणि पॅरलाइज्ड व्हेटरन्स ऑफ अमेरिका या संस्थांचे अधिकृत प्रतिनिधी क्लेम आणि अर्ज फुकट भरून देतात. तुमच्या बाबतीत मी आधी पॅरलाइज्ड व्हेटरन्सकडे जाईन. ती संस्था १९४६पासून फक्त कण्याच्या इजा आणि आजारांच्या सैनिकांसाठी काम करते आणि घर अपंगांना सोयीचं कसं करावं हे जाणणारी माणसं तिच्याकडे आहेत.

शेवटचं खास तुमच्यासाठी, कारण हे सहसा बायकोला कुणी सांगत नाही. एसएएच मंजूर झाली आणि घरावर कर्ज असलं तर व्हीएचा व्हीएमएलआय नावाचा विमा घेता येतो. यजमानांचं काही बरंवाईट झालं तर २,००,००० डॉलरपर्यंतचं उरलेलं गृहकर्ज तो विमा थेट बँकेला फेडतो. अर्ज मात्र त्यांना ७० वर्षं पूर्ण व्हायच्या आत करावा लागतो, तेव्हा घराचे कागद होतील त्याच वेळी एजंटकडे हा फॉर्मही मागून घ्या.