'शुगर-फ्री जॅगरी' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न नाशिकमधल्या इंदिरानगरच्या एका ताईंचा आहे. त्या घरून फराळाच्या ऑर्डरी घेतात. "गिऱ्हाईक आधी विचारतं, शुगर-फ्री आहे का? माझ्या लाडवात खजूर, अंजीर, सुकामेवा आणि वळण्यापुरता गूळ असतो. डब्यावर मराठीत लिहायचं तर 'साखरमुक्त' बरोबर, 'साखरविरहित' की 'बिनसाखरेचे'? आणि 'शुगर'मधला 'शु' ऱ्हस्व की दीर्घ?"

ताई, 'साखरमुक्त' पहिल्या फटक्यात बाद. तंटामुक्त गाव, टँकरमुक्त तालुका, हागणदारीमुक्त जिल्हा. ज्याच्या जाचातून सुटायचं त्याला आपण 'मुक्त' जोडतो. लाडवाला साखरेचा कसला आलाय जाच! 'साखरविरहित' परिपत्रकात शोभेल, फराळाच्या डब्यावर नाही. 'बिनसाखरेचा' हा घरचा शब्द. बिनसाखरेचा चहा आपण रोज मागतो, बिनविरोध निवडून येतो, बिनपाण्याने हजामत करतो. हा 'बिन' फारसीतून आला असं छातीठोक सांगणारे लोक असतात. फारसीतून आला तो 'बे': बेइमान, बेफिकीर, बेकायदा. 'बिन' हा आपल्या 'विना'चाच वंशज.

आता माझं खरं दुखणं. गंगापूर रोडवरच्या एका बेकरीच्या काचेवर पाटी आहे, 'शुगर-फ्री जॅगरी कुकीज'. तसल्या पाट्या हल्ली शहरभर झाल्यात. आहारतज्ज्ञांचं डोकं त्या वाचून फिरत असेलच, पण माझं वेगळ्या कारणाने फिरतं. ज्या शब्दाला पुढच्या दाराने हाकलला, त्यालाच मागच्या दाराने आत घेतलाय. 'जॅगरी', म्हणजे गूळ, हा शब्द मुळात 'शर्करा', आणि 'शुगर' हाही मुळात 'शर्करा'च.

संस्कृत 'शर्करा' दक्षिणेत कन्नडात 'सक्करे' झाली, मल्याळममध्ये 'शर्क्करा' आणि 'चक्करा'. केरळात आजही वाण्याकडे शर्क्करा मागा, हातात गूळ पडेल. मिरीच्या शोधात मलबारच्या किनाऱ्याला लागलेल्या पोर्तुगीजांनी त्या 'चक्करा'चं 'जागरा' केलं आणि इंग्रजांनी ते उचलून 'जॅगरी' केलं. दुसरी वाट खुष्कीची. शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर, इटालियन झुक्केरो, फ्रेंच सुक्र आणि शेवटी इंग्रजी शुगर. एक बहीण गलबतातून गेली, दुसरी उंटावरून, आणि कित्येक शतकांनी दोघींची गाठ पडली ती गंगापूर रोडच्या बेकरीत. तिथेही एकीला 'नाही' म्हटलंय आणि दुसरीचं नाव ठळक अक्षरांत.

सावरकरांचं भगूर जवळ असल्यामुळे आमच्याकडे भाषाशुद्धीचा झेंडा चटकन वर जातो. 'शुगर' परकी, तिला घालवा! सावरकरांचे 'दिनांक' आणि 'महापौर' मीही वापरतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण शुगर परकी ठरवताना ती मूळची कुठली, हे विचारायला शुद्धीवाल्यांना सवड नसते.

मुळात शर्करा गोड नव्हतीच. शर्करा म्हणजे खडे, कच, रेव. पाणिनीने 'सिकताशर्कराभ्यां च' या सूत्रात तिला सिकतेच्या, म्हणजे वाळूच्या, शेजारी बसवलंय. आयुर्वेदात मुतखडा फुटून लघवीवाटे जी कच पडते तीही शर्करा. उसाचा रस आटवून दाणा पाडायची कला साधली, तो दाणा रेवेसारखा दिसला आणि नाव चिकटलं. प्राकृतात 'सक्करा', मराठीत 'साखर'.

इथे 'खडीसाखर' आलीच. तिच्यातली 'खडी' ही 'खांड'ची, म्हणजे संस्कृत 'खंड'ची लेक, असं सांगणारे विद्वान आहेत. इंग्रजी 'कँडी' त्याच 'खंड'पासून अरबीमार्गे गेली हे खरं, पण म्हणून खडीसाखरही तिथलीच हे कुणी ठरवलं? 'खंड'चा अनुस्वार मराठीने 'खांड'मध्ये राखला, 'खांडवी'त राखला, 'खांडोळी'त राखला. नेमका खडीसाखरेत तो कुठे विरघळला? खडी म्हणजे रस्त्यावर पसरतात ती खडी, खड्याची सख्खी बहीण. 'साखर' शब्दातला खडा बोलणाऱ्यांच्या डोक्यातून गेला. बारीक दाण्याची ती नुसती साखर झाली आणि मोठ्या खड्यांच्या साखरेला ओळखायला पुन्हा 'खडी' जोडावी लागली. म्हणजे खडीसाखर ही अर्थाने 'खडी-खडी'. असं भाषेत होतं. 'पावरोटी'त पाव म्हणजे पोर्तुगीजांची रोटीच, तरी आपण वर रोटी जोडली.

पुरावा गुजरातीत आहे. गुजरातीत 'साकर' म्हणजे खडीसाखर आणि आपली रोजची साखर म्हणजे 'खांड'. मेन रोडच्या एका जुन्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसणारे गुजराती शेठ आहेत. मराठी गिऱ्हाईक घाईत 'साकर द्या' म्हणालं, की त्यांचा हात सवयीने खडीसाखरेच्या बरणीकडे जातो आणि गिऱ्हाईक ओरडतं, "ती नको, चहाची!" त्यांच्या शब्दात खडा अजून शाबूत आहे, म्हणून त्यांना नुसतं 'साकर' पुरतं. 'खांड'वाल्या विद्वानांनी एकदा त्या दुकानात जाऊन यावं.

साखरेला पर्याय म्हणून जे काही निघालं, त्याची नावंही याच घराण्यातली. पहिलं सॅकरीन, 1879 सालचं. फालबर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतून जेवायला गेला आणि हाताला लागलेलं रसायन त्याला गोड लागलं. नाव साखरेच्या ग्रीक शब्दावरून, 'सक्खारोन', आणि तो शब्दही आपल्या शर्करेवरूनच. सुक्रालोज या कृत्रिम गोडव्याची गोष्ट तर भाषावाल्यांनी जपून ठेवावी अशी. 1976 साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस साखरेला क्लोरीन जोडून तयार केलेल्या संयुगांवर काम करत होते. वरिष्ठांनी एक संयुग 'टेस्ट' करायला, म्हणजे तपासायला सांगितलं. फडणिसांनी ऐकलं 'चव घे', आणि घेतली. साखरेच्या सुमारे 600 पट गोड! लोक याला ऐकण्यातली चूक म्हणतात. मी म्हणतो, मराठी कानाला दुसरं काय ऐकू येणार? आपण तपासणीही 'टेस्ट' लिहितो आणि चवही 'टेस्ट'. तर हे सुक्रालोज साखरेपासूनच बनतं, नावातही साखरच, आणि ते घातलेल्या पदार्थावर छापतात 'शुगर-फ्री'.

त्यात 'शुगर फ्री' हे एका उत्पादनाचं नावही आहे. हे दोन शब्द एकट्या कंपनीचे की सगळ्यांचे, यावरून 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात वाद झाला होता. बोलीने तो केव्हाच निकाली काढला. "चहात शुगर-फ्री टाकू?" असं विचारणारी सून साखरेचा अभाव चमच्याने टाकत असते.

लाडू राहिलेच. इथे मराठीकडे इंग्रजीपेक्षा एक शब्द जास्त आहे आणि तो आपण वाया घालवतो. 'साखर' म्हणजे डब्यातली, उसाची. 'शर्करा' म्हणजे सगळं कूळ: दुग्धशर्करा, फलशर्करा, द्राक्षशर्करा. (ग्लुकोजला द्राक्षशर्करा का म्हणतात हे नाशिककराला सांगायला नको.) कायदा बोलतो तो शर्करेबद्दल. एफएसएसएआय, म्हणजे देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, त्याच्या 2018 च्या नियमांत 100 ग्रॅम पदार्थात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त शर्करा असेल तर 'शुगर-फ्री' म्हणता येत नाही. आता मिठाईवाल्याच्या काचेतला 'शुगर-फ्री पेढा' बघा. पाचेक लिटर दूध आटवलं की साधारण किलोभर खवा होतो, आणि दुधात शेकडा पाचाच्या आसपास दुग्धशर्करा असते. ती कढईतून उडून जात नाही. म्हणजे किलोभर खव्यात दोनशेच्या वर ग्रॅम शर्करा आयतीच. पेढा बिनसाखरेचा असेल, शर्करामुक्त कसा होईल? ('मुक्त' इथे चालेल, मधुमेह्याला शर्करेचा जाच असतो.)

उलट बाजूही बघा. बिस्किटात शर्करा अर्ध्या ग्रॅमच्या आत ठेवता येते, पण मैद्यात शेकडा पाऊणशे भाग पिष्ट, म्हणजे स्टार्च, असतं, आणि पिष्टाला नियम शर्करा म्हणत नाही. आतड्यात त्याचं ग्लुकोजच होतं. पिष्टापासूनच केलेल्या माल्टोडेक्स्ट्रिन या पुडीचंही तसंच. गोडीच्या पुड्यांत भर म्हणून ते घालतात, लेबलावर शर्करेच्या रकान्यात धरत नाहीत, रक्तात मात्र ते झटकन पोचतं. शुगर-फ्री चॉकलेटात बहुधा माल्टिटॉल नावाचा साखरेला पर्यायी गोडवा असतो. साखरेच्या एका ग्रॅमला 4 कॅलरी, माल्टिटॉलच्या 2.1. निम्म्यावर आल्या, शून्य झाल्या नाहीत, आणि पुडा एका बैठकीत संपवलात तर पोट बिघडतं. वेष्टनावर बारीक अक्षरात रेचक म्हणून इशारा छापतात तो त्यासाठीच. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी सॅकरीन, सुक्रालोज असल्या गोडव्यांवर विसंबू नका असं सुचवलं, पण ती सूचना आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नाही. बातमी वाचून ज्यांनी सासऱ्यांची गोडीची गोळी बंद करून चहात गूळ सुरू केला, त्यांनी ही अट पाहिली नसावी.

गुळाबद्दल लोक चिडतात, तरी सांगतो. शंभर ग्रॅम गुळात ऐंशीच्या वर ग्रॅम शर्कराच असते. लोह, खनिजं असतात थोडी, पण लाडवातल्या गुळाने मिळून मिळून ती किती मिळणार? खजुरात 63 ते 66 टक्के, सुक्या अंजिरात निम्म्याच्या जवळपास. पदार्थ उत्तम, माझ्या घरीही होतात, पण शर्करा ती शर्कराच.

आणि हे ऐकून ताई नाराज होतील, पण 'साखर घातलेली नाही' हा दावाही नियमात बसत नाही. गूळ, मध यांना तिथे साखरेतच धरलंय. गूळ काढला तरी सुटका नाही, कारण साखरेची जागा घ्यायला सुक्या फळांचा लगदा वापरला तर तो दावा करता येत नाही. म्हणजे 'शर्करामुक्त' खोटं, 'साखर न घातलेले' बेकायदा आणि 'बिनसाखरेचे' म्हणाल तर मराठी म्हणून अस्सल, पण घेणारा ते 'शुगर-फ्री' असंच वाचणार.

डब्यावर 'खजूर-अंजिराचे लाडू, गूळ घालून' एवढं लिहा. गिऱ्हाइकाने विचारलंच, तर एका लाडवाचं वजन आणि त्यात गूळ किती ते सांगा. मधुमेही माणसाला त्यावरून हिशेब करता येतो. 'शुगर'चा 'शु' ऱ्हस्व. काही बेकऱ्या 'शूगर' लिहितात, पण तसा उच्चार करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.