देवळात आठवडाभराचे पाहुणे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. घर गमावलेल्या कुटुंबांना तुमच्या देवळाने आठवडाभर ठेवून घ्यायचं ठरवलं आणि समन्वयाचं काम तुझ्याकडे आलं, याचा फार आनंद झाला. ही पद्धत न्यू जर्सीचीच. १९८६ मध्ये युनियन काउंटीत कॅरन ओल्सन यांनी प्रार्थनास्थळांची साखळी जोडली, तीच पुढे ‘फॅमिली प्रॉमिस’ झाली. तीन ते पाच कुटुंबं, साधारण चौदा माणसं आणि दर रविवारी मुक्काम पुढच्या ठिकाणी.

स्वयंपाकाला स्वयंसेवकांची नावं भराभर येतील, रात्रीच्या मुक्कामाला येणार नाहीत. सात रात्री, रोज दोघं, म्हणजे चौदा पाळ्या. आधी त्या भर. शिवाय दोन राखीव नावं हवीतच, कारण आयत्या वेळी एकाला ताप आला तर दुसऱ्यावर एकट्याने रात्र काढायची वेळ येते, आणि ती येता कामा नये.

बालविहाराचे वर्ग झोपायला चालतील, पण प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोली दे. बाजूचं दार असलेल्याच खोल्या निवड. झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन आलेल्या आईला सभामंडपाच्या दारात बूट काढायला लावायचे का? खोल्या तळघरात असतील तर बाहेर पडायची दुसरी वाट आणि धूर व कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म अग्निशमन अधिकाऱ्याला महिनाभर आधी दाखव. त्याने दुरुस्ती सांगितली तर हाताशी वेळ हवा.

जेवण शाकाहारी असेल, हे कुटुंबांना आधीच कळव. पास्ता, कमी तिखट राजमा, भाजलेले बटाटे, फळं. यजमान धरून अठरा पानं. दाण्याचं कूट आपल्या हाताला सवयीचं. ॲलर्जीची यादी हाती येईपर्यंत ते बंद. वाढून बाजूला उभं राहू नका, सोबत जेवायला बसा. घर कसं गेलं ते कुणी विचारायचं नाही. फोटो तर मुळीच नकोत: एखादी बाई मारहाणीतून सुटून आलेली असते, आणि एका फोटोने तिचा ठावठिकाणा कळतो.

सकाळी सातला सगळे दिवसाच्या केंद्रावर जातील. अंघोळ, धुणं तिथे होतंच, पण खरी गरज असते न बदलणाऱ्या पत्त्याची, नोकरीच्या अर्जासाठी आणि शाळेच्या बससाठी. अमेरिकेच्या मॅकिनी-व्हेन्टो कायद्याने बेघर मुलाला आधीच्याच शाळेत राहायचा हक्क आहे. शाळा बदलली, तरी कागदपत्रांवाचून प्रवेश मिळतो. कुणाला अडवलं असं कानावर आलं, तर त्याच दिवशी केंद्राला सांग.

रविवारी खाटा ट्रकवर चढवण्याआधी उशांच्या अभ्र्यांत हात घालून बघ. लहान मुलं आपली लाडकी वस्तू तिथे लपवून ठेवतात.