भिंतीवरचा नकाशा छापायला देताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या भटक्यांच्या गटाला सातारा जिल्ह्यातील किल्ल्यांचा ३६ × २४ इंचांचा नकाशा छापायचा आहे. ऑनलाइन नकाशाचा स्क्रीनशॉट घेऊन त्यावर गिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चिन्हे टाकली. ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) केल्यावर लॅपटॉप अडकू लागला आणि नमुना प्रतही धूसर आली. कुठे चुकले? (सातारा)

उत्तर: धूसरपणाचे मूळ स्क्रीनशॉटमध्ये आहे. स्क्रीनची रुंदी १,९२० पिक्सेल. ती ३६ इंचांवर ताणली की इंचाला जेमतेम ५३ पिक्सेल येतात. 'स्केल इमेज'मध्ये ३०० डीपीआयचा हिशेब करून पिक्सेल वाढवले, तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरते. फाइल फुगते, पण नवा तपशील एकही येत नाही. शिवाय तो स्क्रीनशॉट छापायची परवानगी बहुधा नसते, आणि त्यावरची गावांची नावे पडद्यासाठी बेतलेली असतात.

नकाशाचा पाया क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाची माहिती क्विकओएसएम या प्लगिनने (जोड-सॉफ्टवेअरने) थेट क्यूजीआयएसमध्ये घेता येते. त्यांच्या तयार चित्र-टाइल्स (नकाशाचे चौकोनी तुकडे) मात्र मोठ्या प्रमाणावर उतरवून घेऊ नका, नियमांत ते बसत नाही. छापील नकाशावर '© ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते' एवढा श्रेयनिर्देश हवाच. कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा देणार असाल, तर देशाची बाह्य सीमा सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशावरूनच घ्या. परदेशी संकेतस्थळांवरच्या तयार फायलींत ती अनेकदा वेगळी असते, आणि तशी छापणे आपल्याकडे गुन्हा आहे.

क्यूजीआयएसच्या प्रिंट लेआउटमध्ये पानाचा आकार ९२०.४ × ६१५.६ मिमी ठेवा. म्हणजे ३६ × २४ इंच, अधिक चारही बाजूंना कटिंगसाठी ३ मिमी. आता उंचसखलपणाची छाया, जंगल, पाणी आणि रस्ते यांच्या वेगवेगळ्या प्रतिमा एकाच पानावरून, एकाच डीपीआयला काढा. गिंपमध्ये 'ओपन ॲज लेयर्स'ने त्या लेयर म्हणून, म्हणजे एकावर एक थरांत उघडल्या की एकमेकींवर तंतोतंत बसतात. छायेचा लेयर खालचे रंग गडद करणाऱ्या 'मल्टिप्लाय' मोडमध्ये घ्या आणि त्याची अपारदर्शकता २५ ते ३० टक्क्यांवर ठेवा. पडद्यावर ती फिकी वाटेल, पण कागदावर शाई पसरते आणि छाया गडदच येते. प्रकाश वायव्येकडून, म्हणजे ३१५ अंशांवरून आला पाहिजे. क्यूजीआयएसच्या 'हिलशेड' स्टाइलमध्ये तो मुळातच तसा असतो, बदलू नका. दक्षिणेकडून प्रकाश टाकला तर बऱ्याच जणांच्या डोळ्यांना सह्याद्रीच्या दऱ्या डोंगर दिसतात आणि डोंगर दऱ्या.

लॅपटॉप का अडकतो तेही पाहू. ३०० डीपीआयला १०,८०० × ७,२०० म्हणजे पावणेआठ कोटींहून अधिक पिक्सेल होतात. पारदर्शकतेसह प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे पूर्ण आकाराचा एक लेयर सुमारे ३११ एमबीचा. असे पाच लेयर आणि त्यांचे 'अनडू' धरले की ८ जीबी रॅम पुरत नाही, काम डिस्कवर जाते. 'इमेज → प्रिसिजन'मध्ये ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट निवडलेले असेल तर हेच आकडे चौपट होतात. तिथे ८ बिट ठेवा.

आमचा आग्रहाचा सल्ला असा: नकाशाचा पाया तेवढा गिंपमध्ये १५० डीपीआयला करा, आणि चिन्हे व अक्षरे इंकस्केप या रेखाकृतींच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर चढवा. डोंगर-जंगलाच्या रंगछटांना हात-दीड हातावरून १५० डीपीआय पुरेसे असते. कमी डीपीआय उघडे पडते ते अक्षरांच्या आणि रेघांच्या कडांवर, आणि इंकस्केपमधल्या रेघांना डीपीआयचा प्रश्नच येत नाही. कटिंगच्या जागेसह पायाची फाइल ५,४३६ × ३,६३६ पिक्सेलची होईल, लेयर ८० एमबीच्या आत राहील आणि तुमचा लॅपटॉप ते सहज पेलेल.

प्रश्न: नेटवरून घेतलेल्या किल्ला, पाण्याचे टाके, देऊळ या चिन्हांची पांढरी पार्श्वभूमी काढून ती गिंपमध्ये चिकटवली. हिरव्या रंगावर प्रत्येकाभोवती पांढरट दातेरी कडा दिसते. शिवाय काही ठिकाणी चिन्हे एकमेकांवर चढतात. (कराड)

उत्तर: ती कडा 'फझी सिलेक्ट'मुळे, म्हणजे एकसारखा रंग एकदम निवडणाऱ्या साधनामुळे राहते. काळ्या चिन्हाच्या काठावर काळ्या-पांढऱ्याच्या मधले राखाडी पिक्सेल असतात. पांढरे निवडून पुसले तरी ते शिल्लक राहतात आणि हिरव्यावर उठून दिसतात. एकरंगी काळ्या चिन्हासाठी 'कलर टू अल्फा' वापरा आणि पांढरा रंग द्या. राखाडी पिक्सेल त्या प्रमाणात पारदर्शक होतात आणि काठ स्वच्छ निघतो. चिन्ह एकदाच अंतिम मापाला आणा. लहान करून पुन्हा मोठे केले की ते प्रत्येक वेळी मऊ पडते. १० मिमीचे चिन्ह १५० डीपीआयला फक्त ५९ पिक्सेलचे असते. त्यात बुरुजाची खिडकी काढायला जागाच नाही, म्हणून आकृती अगदी साधी ठेवा.

खरा उपाय म्हणजे इंकस्केपमध्ये चिन्ह नव्याने काढणे. किल्ल्याचे एक मूळ चिन्ह काढा आणि बाकी सगळे 'क्लोन' करा. पुढे बुरुज जाड करावासा वाटला तर एकच चिन्ह बदलायचे, बाकीची आपोआप बदलतात. हिरव्या-तपकिरी पायावर चिन्ह उठून दिसण्यासाठी भोवती अर्धा मिमी पांढरी कडा द्या. त्यासाठी स्ट्रोक (बाहेरची रेघ) पांढरा आणि १ मिमी जाडीचा ठेवा, कारण स्ट्रोकची अर्धी जाडी आकृतीच्या आत जाते. मग 'स्ट्रोक स्टाइल'मध्ये क्रम बदलून स्ट्रोक फिलच्या (आतल्या रंगाच्या) खाली घाला, नाहीतर तो चिन्हाचाच अर्धा मिमी खाऊन टाकेल. चिन्हांमधला फरक आकारात असू द्या. किल्ला लाल आणि देऊळ हिरवे, पण दोन्ही गोलच, अशी योजना रंगांधळ्या वाचकाच्या कामाची नाही. झेरॉक्स काढली तर ती कोणाच्याच कामाची राहत नाही.

गर्दीचा हिशेब प्रमाणावरून करा. १:२,००,००० प्रमाणाला १ सेमी म्हणजे २ किमी. तेव्हा १० मिमीचे चिन्ह जमिनीवरचे २ किमी झाकते. चंदन आणि वंदन हे जोडकिल्ले एकमेकांना लागून आहेत, त्यांची चिन्हे चढणारच. खऱ्या जागी दीड मिमीचे ठिपके ठेवा, चिन्हे बाजूच्या मोकळ्या जागेत न्या आणि ०.३ मिमीच्या रेघेने जोडा. चिन्हे नुसती सरकवून जागा करू नका. किल्ला दुसऱ्याच डोंगरावर दिसायला लागतो आणि वाट शोधणारा फसतो.

प्रश्न: संगणकावर नीट दिसणारी मराठी नावे छापखान्यात गेल्यावर तुटतात. काही जोडाक्षरे सुटी होतात, काही ठिकाणी नुसतीच इंग्रजी चिन्हे येतात. (रत्नागिरी)

उत्तर: या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. इंग्रजी चिन्हे दिसतात कारण नावे जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली आहेत आणि छापखान्याच्या संगणकावर तो फाँट नाही. नोटो सान्स देवनागरी, मुक्ता किंवा बालू असा युनिकोड फाँट घ्या. जोडाक्षरे सुटी होत असतील तर ती बहुधा फोटोशॉपची जुनी, २०२२ च्या आधीची आवृत्ती असेल. 'प्रेफरन्सेस → टाइप'मध्ये जाऊन भारतीय लिप्या हाताळणारा 'वर्ल्ड-रेडी' पर्याय निवडा. गिंप आणि इंकस्केपमध्ये हा त्रास होत नाही.

तपासणीला 'कऱ्हाड' लिहून पाहा. त्यात ऱ लागतो. साध्या र ने टाइप केले की रफार होऊन 'कर्हाड' छापले जाते.

डोंगररांगेचे नाव लांबवर पसरावे म्हणून अक्षरांतले अंतर वाढवू नका. रोमन लिपीत ते शोभते, देवनागरीत शिरोरेषा तुटते. शब्दांमधले अंतर वाढवा. नदीच्या वळणावर नाव बसवायचे तर वळण हलके घ्या, तीव्र वळणावरही रेषा फाटते. किल्ल्यांची नावे १४ पॉइंट, बाकीची १० पॉइंटच्या खाली नकोत, आणि फाँट 'लाइट' वजनाचा नको, रंगीत पायावर उकार-रफार बुजतात. सगळे पक्के झाले की फाइलची एक प्रत करा आणि त्या प्रतीतच 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, म्हणजे अक्षरांच्या रेखाकृती होतात आणि छापखान्यात फाँट लागत नाही. मूळ फाइलमध्ये नावे टाइप केलेलीच राहू द्या, शुद्धलेखनाची दुरुस्ती नंतर निघतेच.

प्रश्न: पडद्यावर धरणाचे पाणी गडद निळे होते, कागदावर जांभळे आले. हिरवाही मळकट. सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) करून द्यायला हवे होते का? (पुणे)

उत्तर: आधी छापखान्याला विचारा. पाच-दहा प्रती प्लॉटरवर (मोठ्या मापाच्या प्रिंटरवर) निघणार असतील तर बहुतेक ठिकाणी आरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगांची फाइल चालते आणि त्यांचे यंत्र रंग स्वतः बदलते. अशा वेळी आपण केलेले रूपांतर नुकसानच करते. हजार प्रती ऑफसेटवर (प्लेटवरून होणाऱ्या छपाईवर) असतील तर सीएमवायके लागते, आणि छापखान्याचे प्रोफाइल (त्यांच्या शाई-कागदाच्या रंगांची फाइल) त्यांच्याकडूनच घ्या. ते गिंपच्या 'सॉफ्ट-प्रूफ'मध्ये लावले की कागदावर न उतरणारे रंग आधीच दिसतात.

निळ्यात मॅजेंटा (गुलाबी शाई) सायनच्या (निळ्या शाईच्या) जवळ गेला की जांभळी झाक येते. दोन्हींत किमान ३० टक्क्यांचा फरक ठेवा. पाण्यासाठी सायन ६०, मॅजेंटा १५ असा फिका निळा घेतला तर त्यावर काळे नावही वाचता येते. ऑफसेटसाठी अक्षरांचा काळा फक्त काळ्या शाईचा हवा. इंकस्केपचा काळा रूपांतरात चार शायांचा होतो, आणि प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षराला रंगीत सावली येते. म्हणून ऑफसेटची अंतिम पीडीएफ स्क्रायबस १.६ या पाने मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये करा. त्यात देवनागरीही नीट बसते.

प्रश्न: हाच नकाशा पायथ्याच्या गावात ६ × ४ फुटांच्या फ्लेक्सवर लावायचा आहे. नवी फाइल लागेल का? (वाई)

उत्तर: नाही. लांबी-रुंदीचे गुणोत्तर तेच आहे. ५,४०० पिक्सेल ७२ इंचांवर गेले की ७५ डीपीआय मिळतात, आणि दोन-तीन पावलांवरून वाचायच्या फ्लेक्सला तेवढे पुरतात. मात्र १:२,००,००० असे लिहिलेले प्रमाण दुप्पट छपाईत खोटे ठरते, ते १:१,००,००० होते. आकडा काढून टाका आणि किलोमीटरची पट्टी ठेवा, ती नकाशाबरोबरच वाढते. आयलेटसाठी (दोरी ओवायच्या भोकांसाठी) चारही कडांना दोन इंचांत कोणतेही नाव किंवा चिन्ह येऊ देऊ नका.

प्रश्न: छापायला नेमकी कोणती फाइल द्यावी? (कोल्हापूर)

उत्तर: पहिली पसंती पीडीएफ. प्रेस चित्रच मागत असेल तर इंकस्केपमधून ३०० डीपीआयला पीएनजी काढून गिंपमध्ये एकच लेयर करा आणि एलझेडडब्ल्यू टिफ (दर्जा न घटवता आटोपशीर केलेली चित्रफाइल) द्या. जेपीईजीच हवी असेल तर दर्जा ९५ आणि सबसॅम्पलिंग (रंगांच्या तपशिलाची कपात) ४:४:४, म्हणजे बंद ठेवा, नाहीतर हिरव्यावरच्या लाल चिन्हांच्या कडा फेसाळतात. व्हॉट्सॲपवर पाठवायची झाल्यास 'फोटो' म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेली की ॲप पिक्सेल कमी करते.

त्याआधी घरच्या प्रिंटरवर, चिन्हांची सर्वाधिक दाटी असलेला ए४ एवढा तुकडा १०० टक्के मापात काढा. 'फिट टू पेज' बंद ठेवा आणि पट्टीने चिन्ह १० मिमीचे भरते का ते मोजा. कागद भिंतीला लावून, नकाशा जिथून वाचला जाणार तिथूनच वाचून पाहा.