बाबांचा पीएसए वाढलाय, शुगरवाला पेट स्कॅन करू का?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे, आम्ही कोथरूडला राहतो. चेकअपमध्ये त्यांचा पीएसए (प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) ७.४ आला. एक नातेवाईक म्हणतायत की कॅन्सर साखर खातो, म्हणून थेट पेट स्कॅन करून मोकळे व्हा, आणि आईने तर घरात साखर, गूळ सगळं बंदच केलंय. झिंकच्या गोळ्यापण सुरू करा म्हणतात. काय करू?

उत्तर : आधी आईंना सांगा, बाबांना चहात साखर द्या, डायबेटिस नसेल तर त्यानं काही बिघडत नाही. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी दाखवलं, १०० वर्षं होत आली त्याला, आणि नेहमीचा पेट स्कॅन त्यावरच चालतो, साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ टोचून तो कुठे जमतो ते बघतात, पण प्रोस्टेटचं गणित वेगळं आहे. निरोगी प्रोस्टेटच्या पेशी झिंक भरपूर साठवतात, त्या झिंकमुळे एक एन्झाइम अडतं आणि सायट्रेट (पेशीत ऊर्जेसाठी जळणारा एक पदार्थ) जळायच्या ऐवजी साठत जातं, इतकं की प्रोस्टेटच्या द्रवात ते रक्ताच्या शेकडो पट असतं. कॅन्सर झाला की पेशी झिंक आत घेणं सोडतात, अडसर जातो, सायट्रेट जळायला लागतं आणि कमी होतं. सुरुवातीला साखरेची ओढ फारशी वाढत नाही म्हणून नेहमीच्या पेटमध्ये गाठ असूनही दिसत नाही असं होऊ शकतं, शिवाय तो टोचलेला पदार्थ लघवीवाटे बाहेर पडतो त्यामुळे शेजारचं मूत्राशयच चमकतं. खर्च करून खोटा दिलासा मिळायचा, याचीच मला जास्त भीती वाटते.

सायट्रेट कमी आणि कोलिन (पेशींच्या आवरणाशी संबंधित घटक) जास्त, हा बदल एमआरआय मशीनवरच स्पेक्ट्रोस्कोपी (पेशींतली रसायनं मोजायची पद्धत) करून बघता येतो. कल्पना फार सुंदर, पण रोजच्या तपासणीत ती मागे पडली, आता साधा मल्टिपॅरामेट्रिक (अनेक प्रकारची चित्रं एकत्र बघणारा) एमआरआयच आधी करतात. पीएसएमए पेट म्हणतात तो वेगळा, तो साखर नाही तर पेशीवरचं एक प्रोटीन शोधतो, आणि बहुतेक वेळा कॅन्सर नक्की झाल्यावर तो कुठवर पसरलाय हे बघायला लागतो.

झिंकच्या गोळ्या नकोत. पेशीच झिंक आत घेत नाहीत तर गोळीने काय होणार, उलट जास्त डोस लांब काळ घेणं चांगलं नाही.

७.४ म्हणजे कॅन्सर असं नाही हो, वयामुळे वाढलेली ग्रंथी, लघवीचं इन्फेक्शन, यानंही पीएसए वाढतो. युरॉलॉजिस्टकडे जा, ते लघवी तपासून काही आठवड्यांनी पीएसए परत करायला सांगतील, तेव्हाही जास्त आला तर एमआरआय, आणि त्यात शंका आली तर बायोप्सी, पक्कं निदान तिथंच होतं. बाबा सायकल चालवत असतील तर टेस्टआधी दोन दिवस बंद ठेवा, आणि लघवीसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्या गोळ्यांनी काही महिन्यांत पीएसए जवळपास निम्मा दिसायला लागतो.