रत्नागिरी शहराची आर्थिक परिस्थिती सध्या कशी आहे?

मासे आणि हापूस, यावरच बरीचशी गाडी चालते आणि दोन्ही बेभरवशाचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असतेच, वर वादळाचा इशारा आला की बोटी परत मिरकरवाडा बंदरात उभ्या, पण खलाशांचा पगार आणि कर्जाचे हप्ते काय थांबत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, म्हणजे वीज-कर्ज शेतीसारखं, कागदावर तरी बरंय. हापूसला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ठराविक भागातल्याच आंब्याला ते नाव वापरायचा हक्क) मिळाला तरी कर्नाटकचा आंबा रत्नागिरीच्या नावाने खपतोच. मुंबई-गोवा हायवेचं रखडलेलं काम तर विचारूच नका. पोरं अजून मुंबई-पुण्यालाच, फक्त मनीऑर्डरच्या जागी आता जीपे आलंय.