वकील नाही, मग वाचायचं काय?

प्रश्न : बाई, नमस्कार. सासऱ्यांच्या काळापासून आम्ही एका वाड्यात भाडेकरू आहोत. भाडं थकलंय आणि मुलासाठी जागा हवीय, अशी दोन कारणं देऊन मालकांनी जागा खाली करून मागण्याचा दावा लावलाय. समन्स मिळून तीन आठवडे झाले. वकील परवडत नाही, म्हणून स्वतःच उभं राहायचं ठरवलंय. कोर्टातल्या वकिलांच्या लायब्ररीत गेले, तर 'मेंबर नसाल तर प्रवेश नाही' म्हणाले. मुलाने एआयला विचारून सहा निकालांची यादी काढलीये, ती सोबत पाठवतेय. एवढ्यावर भागेल का? अजून कुठली पुस्तकं वाचू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : यादी तूर्त बाजूला ठेवा. समन्सबरोबर आलेली दाव्याची प्रत घ्या आणि मालकांनी कुठली कलमं लावलीत ती एका कागदावर उतरवून काढा. विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात इतकी वर्षं काउंटरवर बसले. स्वतःची केस स्वतः चालवणारी माणसं आली की पहिली मागणी हमखास 'जजमेंट द्या' हीच असायची. दाव्याची प्रत मात्र घरी, कपाटात.

तुमच्या दोन कारणांवरून कलमं बहुधा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 ची 15 आणि 16 असणार. कलम 15 आज रात्रीच वाचा. थकबाकीची लेखी नोटीस भाडेकरूला मिळाल्यावर 90 दिवस उलटल्याशिवाय मालकाला त्या कारणावर दावा लावता येत नाही. म्हणजे नोटिशीची तारीख आणि दाव्याची तारीख शेजारी शेजारी मांडून बघायची. त्याच कलमाचं पोटकलम 3 त्याहून महत्त्वाचं: समन्स बजावल्यापासून 90 दिवसांत थकलेलं भाडं, परवानगी असलेल्या वाढीसह आणि 15 टक्के सरळ व्याजाने, मालकाला दिलं किंवा कोर्टात भरलं, पुढे दावा संपेपर्यंत नियमित भरत राहिलं आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर जागा खाली करण्याचा हुकूमनामा होत नाही. हे सगळं अर्ध्या पानात आहे. तुमच्या 90 दिवसांतले तीन आठवडे गेलेत, आणि यादीतले सहाही निकाल मिळून तुम्हाला ही तारीख सांगत नाहीत.

दुसरं कारण यानं सुटत नाही. मुलासाठी जागेची गरज हा कलम 16 मधला वेगळा मुद्दा. तिथे पोटकलम 2 वाचा: जागा गेल्याने तुमची होणारी अडचण आणि ती न मिळाल्याने मालकांची होणारी अडचण, यात जड कुठली ते कोर्ट बघतं, दुसरी सोयीची जागा आहे का, हेही बघतं. तुमच्या घरात कोण राहतं, कोण आजारी आहे, शाळा किती लांब, याचे कागद गोळा करायला लागा.

कैफियतीची, म्हणजे दाव्याला तुम्ही द्यायच्या लेखी उत्तराची, मुदत वेगळी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 8, नियम 1 मध्ये ती समन्सपासून 30 दिवस आहे. कोर्टाने कारणं नोंदवून वाढवली तर 90 पर्यंत. तुमच्या हातात आठवडाभर आहे. जिल्हा व तालुका कोर्टांची भाषा 21 जुलै 1998 च्या अधिसूचनेने मराठी आहे, तेव्हा इंग्रजी येत नाही म्हणून अडायचं कारण नाही.

आणि हे माझ्या ग्रंथालयाच्या हद्दीबाहेरचं, पण सांगतेच. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 खाली स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शोधा, किंवा 15100 वर फोन करा. उद्याच जा. वकील मिळाला तरी हे वाचन वाया जात नाही. फाइल वाचलेल्या पक्षकारापुढे वकीलही जपून बोलतो. मी पुस्तक कुठलं ते सांगेन, कैफियतीत काय लिहायचं ते नाही. ते त्यांना विचारा.

आता पुस्तकं. आधी नुसता कायदा घ्या, म्हणजे बेअर अ‍ॅक्ट, कलमांचं विवेचन करणारे टीकाग्रंथ नंतर. केंद्राचे आणि राज्यांचे कायदे 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत. छापील हवा असेल तर शासकीय ग्रंथागारात विचारा. जुन्या बाजारातलं पुस्तक मात्र पहिलं पान बघितल्याशिवाय घेऊ नका. 1999 च्या कायद्याआधी 1947 चा मुंबई भाडे कायदा होता, त्यात कलमं 12 आणि 13 होती आणि नोटिशीची मुदत 90 दिवस नव्हे, एक महिना. तो कायदा रद्द झाला. त्यावरची जाडजूड पुस्तकं अजून फिरताहेत. (1999 चा हा कायदा 2000 च्या कायद्यांमध्ये 18 व्या क्रमांकाचा, 31 मार्च 2000 पासून लागू. 'वर्ष चुकलंय' म्हणून पुस्तक परत करायला आलेले लोक मी पाहिलेत.)

बार लायब्ररी वकील संघटनेची, वर्गणीवर चालणारी. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. जवळच्या विधी महाविद्यालयात प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या, 'बसून वाचण्यापुरती परवानगी' असे शब्द वापरा. घरी नेण्याची मागणी केलीत की नकार सोपा होतो.

आता तुमची यादी. सहापैकी दोन निकाल मला कुठेच मिळाले नाहीत. त्यातल्या एकाचा क्रमांक आहे, पण उघडलं तर भलताच जमीन संपादनाचा खटला. एआय अशी नावं बिनदिक्कत रचतं. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात दोन वकिलांनी असेच बनावट निकाल दाखवले, तर 5,000 डॉलर दंड बसला. तिसरा निकाल खरा आहे, पण तो 1947 च्या कायद्याच्या कलम 12 वरचा. उरलेले तीन वाचनीय आहेत.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्याच 'ई-एससीआर' या संकेतस्थळावर फुकट मिळतात, बऱ्याच निकालांचे मराठी अनुवादही. वाचताना वरचा ठळक सारांश सोडून द्या, तो संपादकाचा असतो, न्यायाधीशांचा नव्हे. खाली तथ्यं वाचा: तिथला भाडेकरू तुमच्यासारखा होता का? मग परिच्छेदाचा क्रमांक लिहून घ्या, आणि तो निकाल पुढे वरच्या कोर्टाने फिरवला नाही ना, ते तपासा. कोर्टात पूर्ण प्रत द्या, एक समोरच्यांनाही. तीन निकाल पुष्कळ झाले.

प्रश्न : दिवाणी दावा हरलो. अपील जिल्हा कोर्टात करायचंय. निकालाची नक्कल (प्रमाणित प्रत) मिळायला वेळ लागतो म्हणतात, मग मुदत निघून जाणार नाही का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मुदत कायदा, 1963 चं कलम 12 वाचा. अपिलाच्या 30 दिवसांतून नक्कल मिळवायला लागलेला वेळ वगळतात. पण त्याखालचं स्पष्टीकरणही वाचा: हुकूमनामा तयार व्हायला कोर्टाला लागलेला जो वेळ तुमच्या नकलेच्या अर्जाआधी गेला, तो वगळत नाहीत. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी नक्कल विभागात अर्ज टाकायचा. तुम्ही अजून टाकला नसेल, तर हा अंक मिटून आधी कोर्टात जा. नक्कल तयार झाल्यावर ती न्यायला तुम्ही लावलेला उशीर तुमच्याच खात्यावर पडतो, आणि या सगळ्या तारखा नकलेवरच्या शिक्क्यात दिसतात.